ट्रिबलचे बहात्तर तास

महाड-पोलादपूरच्या माणसासमोर घटनाक्रम हा शब्द आला की छातीत धस्स होतं. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आणि सावित्रीवरचा वाहून गेलेला पूल. २२ जुलै २०२१, महाडच्या बाजारपेठेत चढलेलं पाणी आणि तळिये गावावर कोसळलेली दरड. त्या तासांवर कुणाला हसता येणार नाही. पण अरिष्ट चाहूल न देता कसं वाढत जातं, हे इथल्या शाळांतल्या मुलांना हसतखेळत दाखवायचं, तर मला एकच गोष्ट सुचते : 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानमालिकेतला 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग. २९ डिसेंबर १९६७ रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. लेखक डेव्हिड जेरोल्ड तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता.

भागात कुणी घड्याळ लावून बसलेलं नाही. शेवटी अंतराळयानावरचा अधिकारी स्पॉक एक हिशोब सांगतो : सुरुवातीला एक ट्रिबल, दर बारा तासांनी नवी पिढी, प्रत्येकाला सरासरी दहा पिल्लं, एकूण तीन दिवस. पुढचे तास मी त्या हिशोबानेच मांडतो आहे.

तास ०. के-७ हे अंतराळ स्थानक. इथल्या कोठारात क्वाड्रोट्रिटिकेल नावाचं संकरित धान्य भरलंय. शर्मन ग्रहावर पृथ्वीचं तेवढं एकच पीक तग धरतं, आणि त्या ग्रहावर क्लिंगॉन या शत्रू जमातीचाही डोळा आहे. धान्याची राखण स्पॉकच्या यानाचा कॅप्टन कर्क याच्या गळ्यात पडते. त्याला ते काम कमीपणाचं वाटतं. स्थानकावरच्या बारमध्ये सिरानो जोन्स हा फिरता विक्रेता कर्कची सहकारी उहुरा हिला एक ट्रिबल भेट देतो. ओंजळीत मावणारा केसाळ गोळा, ना डोळे ना पाय, कुरवाळला की मांजरासारखा घुरघुरतो. उहुरा त्याला यानावर नेते. संख्या : १.

तास १२. संख्या : ११. सगळ्यांना कौतुक. ज्याला त्याला एक हवा.

तास २४. संख्या : १२१. डॉक्टर मकॉयच्या ध्यानात येतं की ही पिल्लं जन्मतःच गाभण असतात. खायला घाला, की पुढची पिढी तयार. धोका कळलेला हा पहिला माणूस, पण अजून कुणाची झोप उडालेली नाही. तिकडे बारमध्ये क्लिंगॉन कर्कला शिव्या देतात, यानाचा अभियंता स्कॉटी गप्प ऐकून घेतो. यानाला नावं ठेवल्यावर मात्र तो पहिला ठोसा हाणतो.

तास ३६. संख्या : १,३३१. कर्क आपल्या खुर्चीत बसायला जातो तर खाली ट्रिबल. स्पॉक सिरानोला सुनावतो : यांच्या मूळ जागी यांना खाणारे प्राणी होते, तू यांना तिथून उचललंस, आता यांना आवर घालणारं कुणी उरलं नाही. या भागाचा जीव मला या वाक्यात दिसतो. जेरोल्डच्या मनात ऑस्ट्रेलियातले ससे होते. १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी सोडलेले ससे पुढे सगळी कुरणं खाऊन बसले. आपल्याकडे तेवढं लांब जायला नको. भाताच्या खाचराच्या बांधावर धामण दिसली की काठी उचलणारे हात अजून आहेत. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. ती मारली की उंदरांना रान मोकळं. बांध पोखरले जातात, लोंब्या कुरतडल्या जातात, आणि उरलंसुरलं भात कणगीत भरलं की पाहुणे तिथेही येतात.

तास ४८. संख्या : १४,६४१. जिन्यात, बोळात, यंत्रांवर ट्रिबल.

तास ६०. संख्या : १,६१,०५१. कर्क यंत्रातून जेवण मागवतो. ताट येतं, पण सँडविचवर आणि कॉफीवर ट्रिबल बसलेले. हवेच्या झरोक्यांतून ते अन्नयंत्रात शिरलेत. असेच झरोके स्थानकावरही आहेत, आणि ते कोठारात उघडतात! कर्क धावत सुटतो. इथे मुलांना थांबवून विचारावं : आत्ता कोठारात शेवटच्या आकड्याच्या कितवा हिस्सा ट्रिबल आहेत? फक्त अकरावा हिस्सा. बाकीचे सगळे शेवटच्या बारा तासांत येणार आहेत.

तास ७२. कर्क कोठाराचं डोक्यावरचं झाकण उघडतो आणि ट्रिबलांचा लोंढा त्याच्या अंगावर कोसळतो. तो छातीपर्यंत बुडतो. त्यातच उभा राहून तो बोलत असताना वरून एकेक ट्रिबल टपकन डोक्यावर पडत राहतो. चित्रीकरणात ते वरून टाकले जात होते. १९९६ साली 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या मालिकेने त्याचं झकास कारण शोधलं : भविष्यातून आलेले सिस्को आणि डॅक्स कोठारात बसून बॉम्ब लपवलेला ट्रिबल हुडकताहेत, आणि तपासलेले खाली फेकताहेत. मूळ भागात स्पॉक शांतपणे आकडा सांगतो : १७,७१,५६१.

त्यानंतर. ढिगातले बरेचसे ट्रिबल मेलेले निघतात. धान्यात विष कालवलं होतं. त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, आणि भरल्या कोठारात ते उपाशी मेले. शर्मन ग्रहावर हेच धान्य माणसांच्या पोटात गेलं असतं. क्लिंगॉन जवळ आला की ट्रिबल किंचाळतात. डार्विन या सरकारी सहायकाजवळ नेताच ते किंचाळतात आणि माणसाच्या वेषातला हेर पकडला जातो. राहता राहिले यानावरचे ट्रिबल. ते गेले कुठे, असं कर्क विचारतो. सगळे एकमेकांकडे बघतात. अखेर स्कॉटी कबूल करतो : निघण्यापूर्वी झाडून सगळे क्लिंगॉनांच्या जहाजात पाठवले, थेट इंजिनाच्या खोलीत.