बोरूचे छप्पर : लिंडिसफार्नपासून नॉर्विचपर्यंत

पक्षाघाती मनुष्याला चौघांनी खाटेसह उचलून कफर्णहूमच्या त्या घराकडे आणले, गर्दीमुळे दारातून आत शिरता येईना, तेव्हा छपरावर चढून त्यांनी छप्पर उसकले आणि त्याला प्रभू येशूपुढे खाली सोडले, ही कथा आपल्या धर्मग्रामातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मार्क आणि लूक ह्या दोघांनीही ती सांगितली आहे. मात्र छपराचे वर्णन दोघांचे निराळे आहे. मार्क छप्पर खोदून काढल्याचे सांगतो, म्हणजे ते काटक्या, गवत आणि माती ह्यांचे असावे. लूक कौलांचा उल्लेख करतो. त्याच्या वाचकांना तेच छप्पर ओळखीचे असावे. चमत्कार तोच, पण सांगणारा बदलताच घरावरचे आच्छादन बदलले.

हे स्मरण्याचे कारण असे, की गरिबाचे म्हणून शतकानुशतके हिणवले गेलेले गवताचे छप्पर आज युरोपातील नामवंत वास्तुरचनाकारांच्या आराखड्यांत पुन्हा मानाने येऊन बसले आहे. पर्यावरणाला अनुकूल घर म्हणून त्याची वाखाणणी होते. आपल्या उत्तर कोकणातल्या वाड्यांत एके काळी कुडाची, पेंढ्याने किंवा झावळ्यांनी शाकारलेली घरे होती. पुढे मंगळुरी कौल आले (ते कारखान्यात घडविण्याचा उद्योग १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळुरात रुजविला), आणि कौलांनंतर सिमेंटचा स्लॅब. केंबळी घर मागे पडले ह्याचे दुःख त्या घरांत राहिलेल्या फारच थोड्यांना झाले असेल. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करणे काय असते, हे त्यांनाच विचारावे. म्हणूनच हे छप्पर जेथे टिकले त्या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे, विशेषतः नॉर्फक परगण्याकडे, जरा निरखून पाहावे असे आम्हांला वाटते.

ह्या इतिहासाचा पहिला मोठा साक्षीदार एक मठवासी आहे. जॅरोच्या मठातील संत बीड ह्यांनी इ. स. ७३१ मध्ये इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्यात गवताची छपरे वारंवार भेटतात. संत एडन ह्यांच्यानंतर ६५१ मध्ये लिंडिसफार्न बेटाचे बिशप झालेल्या फिनन ह्यांनी तेथे चर्च बांधले. आयरिश रीतीप्रमाणे ते दगडाचे नव्हते, तासलेल्या ओक लाकडाचे होते आणि त्यावर बोरूचे छप्पर होते, असे बीड नोंदवितात. पुढे बिशप एडबर्ट ह्यांनी तो बोरू काढून टाकला आणि छपरच नव्हे, भिंतीही शिशाच्या पत्र्यांनी मढविल्या. साधेपणाकडून वैभवाकडे गेलेल्या एका चर्चची कथा त्या एका ओळीत सामावली आहे.

त्याच ग्रंथात आगीच्या दोन कथा आहेत. राजा ऑस्वाल्ड जेथे धारातीर्थी पडला तेथली माती एका वाटसरूने फडक्यात बांधून घेतली आणि संध्याकाळी एका गावातील घरात खांबाला ती पुरचुंडी टांगली. घरात मेजवानी चालली होती, मध्यभागी मोठा जाळ होता. ठिणग्या उडून काटक्यांच्या विणीवर घातलेल्या गवताच्या छपराने पेट घेतला आणि सारे घर जळाले. तो एक खांब तेवढा राहिला. दुसरी कथा बॅम्बराच्या वेढ्याची. मर्सियाच्या मूर्तिपूजक राजाने आसपासची खेडी मोडून तुळया, कूड आणि छपरांचे गवत तटापाशी रचून पेटविले. फार्न बेटावरून धूर पाहून संत एडन ह्यांनी प्रार्थना केली आणि वारा उलटून ज्वाळा आणणाऱ्यांवरच परतल्या. ह्या राजाचे नाव पेंडा. गवत जाळणाऱ्याला हेच नाव मिळावे, हा योगायोग मराठी वाचकालाच कळेल.

आग हीच ह्या छपराची जुनी वैरीण. १२१२ च्या जुलैत लंडनला भीषण आग लागली, तेव्हा शहराने हुकूम काढला, की यापुढे कोणी बोरू, लव्हाळा किंवा पेंढा ह्यांनी घर शाकारू नये. कौले, लाकडी फळ्या किंवा शिसे वापरावे. नॉर्विच शहरात १५०७ साली लागोपाठ दोन मोठ्या आगी लागून सातशेच्या आसपास घरे भस्मसात झाली, आणि तेथेही नव्या घरांवर गवत घालण्यास बंदी आली. २९ जून १६१३ रोजी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात शेक्सपिअरच्या ‘आठवा हेन्री’ नाटकाचा प्रयोग चालू असता तोफेच्या बाराचा जळता बोळा छपरात गेला. तासाभरात नाट्यगृह बेचिराख झाले. जीवितहानी झाली नाही; एका गृहस्थाच्या विजारीने तेवढा पेट घेतला आणि ती बाटलीतल्या बिअरने विझविण्यात आली, असे त्या काळच्या एका पत्रात नमूद आहे. नाट्यगृह पुन्हा उभे राहिले ते कौले घालूनच.

शहरांतून हद्दपार झालेले हे छप्पर खेड्यांत राहिले, ह्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. नॉर्फकच्या ब्रॉड्स नावाच्या दलदलीच्या प्रदेशात बोरूची बने आहेत. (बायबलच्या मराठी वाचकाला बोरू निराळा सांगायला नको.) हिवाळ्यात थंडीने पाने गळाली, की नुसते पोकळ दांडे उरतात, ते कापून त्यांच्या जुड्या बांधतात. छपराचा उतार निदान पंचेचाळीस अंशांचा, बहुधा त्याहून तीव्र ठेवतात, म्हणजे पाणी रेंगाळत नाही. जुड्या वळचणीपासून आढ्याकडे रचत नेतात; हेझल झाडाच्या दुभागलेल्या काड्या पिळून, वाकवून त्यांनी थर डांबतात, आणि खाचा पाडलेल्या चपट्या थापीने दांड्यांची टोके ठोकून एका पातळीत आणतात. सुमारे तीस सेंटिमीटर जाडीच्या अशा छपरात पावसाचे पाणी वरच्या दोनतीन सेंटिमीटरांपलीकडे शिरत नाही. दांड्यांत कोंडलेली हवा हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा राखते. नीट घातलेला बोरू चाळीस ते साठ वर्षे टिकतो, गव्हाचा लांब पेंढा पंधरा ते पंचवीस. आढ्यावर लवचीक लव्हाळा लागतो आणि तो मात्र दहापंधरा वर्षांनी बदलावा लागतो. आपल्याकडे भाताचा पेंढा एकदोन पावसाळ्यांत कुजतो, कारण तो मऊ असतो आणि आपला पाऊस आणि दमट उष्मा इंग्लंडच्या मानाने कितीतरी अधिक. तेव्हा तेथले आकडे वाचून आपल्या आजोबांच्या कारागिरीला कमी लेखण्याचे कारण नाही.

पेंढ्याच्या छपराची दुरुस्ती करताना इंग्लंडातले कारागीर बहुधा वरचा कुजलेला थर तेवढा काढून त्यावर नवा घालतात. तळाचा थर तसाच राहतो. मध्ययुगात धुराडी नव्हती, घराच्या मधोमध चूल पेटे आणि धूर छपरातून झिरपत बाहेर पडे. त्यामुळे दक्षिण इंग्लंडातील काही घरांत तळाचा थर काजळीने काळा पडून जसाच्या तसा राहिला आहे. वनस्पतितज्ज्ञ जॉन लेट्स ह्यांनी ह्या थरांचा अभ्यास करून १९९९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाचसहाशे वर्षांपूर्वीचा गहू, राय, शेतातले तण, सारे त्या काजळीत सापडले. एकेका शेतात गव्हाच्या अनेक जाती एकत्र वाढत होत्या आणि त्यांची ताटे आजच्या गव्हाहून पुष्कळ उंच होती. ज्या शेतकऱ्यांचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही, त्यांच्या पिकाची नोंद त्यांच्या छपराने ठेवली, हे वाचून आम्ही काही वेळ स्तब्ध झालो.

ह्या कलेची खरी पीछेहाट विसाव्या शतकात झाली. कापणी आणि मळणी एकदम करणाऱ्या यंत्राने पेंढ्याचा चुरा होऊ लागला. रासायनिक खतांनी ताटे ठिसूळ झाली. आणि भरपूर दाण्याच्या ठेंगण्या जाती आल्या. ज्या ठेंगण्या गव्हाने भारताला १९६० च्या दशकात उपासमारीतून वर काढले, त्याच प्रकारच्या गव्हाने तिकडे शाकारणाऱ्यांचा कच्चा माल हिरावला. भाकरी आणि छप्पर ह्यांत भाकरीची निवड झाली. तिला दोष देण्यास आमची जीभ धजत नाही.

१९९७ मध्ये लंडनला नवे ग्लोब उघडले. १६६६ च्या महाआगीनंतर शहरात गवताच्या छपराला मिळालेली ही पहिली परवानगी. बोरू नॉर्फकचा, पण आढ्यावर पाण्याचे फवारे बसविलेले. त्याहून मौजेची गोष्ट नॉर्विचची. ज्या शहराने गवत हद्दपार केले, त्याच शहराच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात २०१५ साली ‘एंटरप्राइझ सेंटर’ ही इमारत उभी राहिली. तिच्या भिंतींना बाहेरून पेंढ्याचे आच्छादन आहे. शाकारणाऱ्यांनी हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या कोठारांत बसून लाकडी चौकटींत पेंढा घट्ट भरला आणि तयार चौकटी आणून भिंतींवर चढविल्या. पावसाळी दिवसांत बेकार राहणाऱ्या कारागिराला छपराखाली काम मिळाले, ही त्या योजनेतली आम्हांला सर्वांत आवडलेली बाब. इमारत अत्यल्प ऊर्जेवर चालेल अशा ‘पॅसिव्ह हाउस’ मानकानुसार बांधलेली आहे. डेन्मार्कमध्ये रीबे शहराजवळ २०१७ साली पुरे झालेल्या वाडन समुद्र केंद्राचे छप्पर आणि भिंती बोरूच्याच आहेत. आराखडा डॉर्ट मांड्रुप ह्यांचा.

एवढे असले तरी ह्या नव्या कौतुकात आम्हांला एक खोट दिसते. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा बहुतांश बोरू आज तुर्कस्तान, युक्रेन, चीन अशा दूरच्या देशांतून जहाजांनी येतो. दारापुढच्या दलदलीत उगवते म्हणून जे स्वस्त आणि निर्मळ होते, ते हजारो मैलांवरून आणून निर्मळ कसे राहावे? शिवाय कारागिराची मजुरी आणि आगीचा विमा परवडेल असाच मनुष्य आज केंबळी घर बाळगू शकतो. शेतमजुराचे खोपटे श्रीमंताची हौस झाले. पर्यावरणाच्या नावाने गरिबाची वस्तू उचलावी आणि गरिबाला पत्र्याखाली तापत ठेवावे, हा प्रकार केवळ इंग्लंडपुरता नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोरूचे बन नियमाने कापले नाही तर त्यात झुडपे माजतात आणि दलदल आटत जाते. अशा बनांत राहणारा बिटर्न नावाचा बगळ्याच्या कुळातील पक्षी १९९७ मध्ये साऱ्या ब्रिटनमध्ये इतका दुर्मीळ झाला होता, की घुमणारे नर केवळ ११ मोजले गेले. बने राखू, कापू लागल्यावर २०१९ पर्यंत ती संख्या दोनशेच्या घरात गेली. कोयता चालतो म्हणून पक्षी जगतो, हे शेती करणाऱ्या आपल्या वाचकांना नवल वाटणार नाही.

नॉर्फकमध्ये बोरूने शाकारलेली पन्नासच्या आसपास चर्चे अजून उभी आहेत. धर्मसुधारणेच्या आधीची, म्हणजे कॅथलिकांनी बांधलेली, आज अँग्लिकन पंथाच्या ताब्यातली. त्यांतल्या काहींत बाकावर बसून वर पाहिले, की वाशांमधून बोरूचे दांडे उघडे दिसतात. गावे लहान, उपासनेला येणारी माणसे थोडी. तरी आढ्यावरचा लव्हाळा झिजला, की तेथली मंडळी वर्गणी गोळा करतात, शाकारणारा येतो, आणि नवा लव्हाळा आढ्यावर चढतो.