जंतूंनी दिलेला जोर

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "मुंबईकडे कॅन्सरवर प्रोटॉनचा उपचार निघाला म्हणतात, तो काय असतो? आपल्या भागात कधी येईल?" आज त्याचीच गोष्ट.

प्रोटॉन म्हणजे अणूच्या पोटातला बारीकसा कण. नेहमीचे किरण शरीरातून आरपार जातात, वाटेतल्या निरोगी भागालाही त्रास देतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बरीचशी ताकद सोडतो आणि तिथेच थांबतो. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ पासून हा उपचार मिळतो. पण कणांना तेवढा वेग द्यायला भलं मोठं, महागडं यंत्र लागतं. म्हणून अशी केंद्रं मोजकीच.

हेच काम लहान जागेत, लेझरने होईल का?

पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत पेटला. पुढे त्याची ताकद वाढवायला गेलं, की झोत स्वतःच्याच यंत्राला जाळायचा. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड या विद्यार्थिनीने आपले गुरू जेरार मूरू यांच्यासोबत वाट काढली. प्रकाशाचा झटका आधी लांबवायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी, प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ बांधतात तसा, दाबून छोटा करायचा. २०१८ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती तिसरीच बाई.

असा झटका घन वस्तूवर पडला, की तिथले इलेक्ट्रॉन उधळतात. त्यांच्या ओढीने मागचे विजेचा भार असलेले अणू, म्हणजे आयन, वेगाने सुटतात.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळगुळीत पृष्ठभागावर ई-कोलाय जंतूंचे पातळ थर दिले. हे जंतू आपल्या आतड्यातही असतात. गुळगुळीत फरशीवरून पाणी वाहून जातं, सारवलेल्या जमिनीत मुरतं. तसा जंतूंच्या थरात लेझर जास्त मुरला. साध्या पृष्ठभागातून कार्बनचे आयन फार तर ४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जात होते. त्याच लेझरने, जंतूंमुळे, ते ७०० पर्यंत गेले. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. लेझर मोठा केला नाही, फक्त तो पडतो ती जागा बदलली.

पण मैत्रिणींनो, शरीरात खोलवरच्या गाठीपर्यंत पोहोचायला कार्बनच्या आयनांना याच्या हजारो पट ताकद लागते. ती वाट अजून लांब आहे. त्यामुळे "लेझरच्या कणांनी कॅन्सर बरा करतो" म्हणून कुणी पैसे मागितले, तर गटाची बचत त्याच्या हाती देऊ नका. आणि छातीत गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर नव्या यंत्राची वाट पाहू नका. आशाताईंना सांगा आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. लवकर सापडलेल्या कॅन्सरवर आजच्या उपचारांचाही चांगला गुण येतो.