बट्टा आणि बिंदू

वऱ्हाडातली जुनी टाकसाळ एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती. मंगरूळपीरच्या बाजारात रुपया यायचा तो बाहेरूनच: नागपुरी, हैदराबादचा हाली, पुढे कंपनीचा. सराफ आधी टाकसाळ ओळखी, मग बट्टा, म्हणजे रुपयामागची कपात, सांगे. ‘नावाला बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग याच व्यवहाराशी नाते सांगतो. नाण्यावरच्या फारसी मजकुरात टाकसाळीचे गाव लिहिलेले असे, कारण वजन आणि कस यांची जबाबदारी त्या गावावर असे. हा गावाचा उल्लेख आक्रसत आक्रसत एका बिंदूवर आला. आज संग्राहकांसाठी खास पाडलेल्या प्रूफ नाण्यावर भिंगातून शोधतात ते चिन्ह त्या जबाबदारीचाच अवशेष आहे, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईच्या टाकसाळीची उदाहरणे बोलकी आहेत. 1862 चे वर्ष रुपयावर 1874 पर्यंत गोठलेले राहिले. मुंबईच्या रुपयांवर वर्षाखालचे ठिपके मोजून खरे वर्ष काढावे लागते. पुढे तिथेच ‘बी’ अक्षर आले, मग बिंदू, मग चौकटच्या पानासारखा चौकोन. दुसऱ्या महायुद्धात लाहोरची टाकसाळ सुरू झाली, तिने ‘एल’ घेतला. कलकत्त्याने मात्र बहुधा चिन्हच लावले नाही. थोरल्या घराला पाटी कशाला, असा थाट! प्रूफसाठी मुंबईने वेगळी सही ठेवली: 1970 च्या दशकातल्या संचांवर ‘बी’, शहराच्या नामांतरानंतर 1996 पासून ‘एम’.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप असा, की प्रूफ नाणे बाजारात फिरतच नाही. त्याला जबाबदारीची खूण कशाला? पण न फिरणाऱ्या नाण्याचा कस कसोटीवर कोणी घासून पाहत नाही, म्हणून तर खुणेवरचा भरवसा अधिक लागतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. मुंबईच्या टाकसाळीने 1970 पर्यंत जुन्या ठशांवरून संग्राहकांना नाणी पाडून दिली. त्यांवरचे चिन्ह अस्सल, पण नाणे नंतरचे. हे मान्यच. चिन्ह गाव सांगते, काळ नाही. काळासाठी पृष्ठाची चकाकी, कड आणि जुन्या ठशावरून उमटलेले डाग तपासावे लागतात, आणि या बाबतीत सूचीपत्रापेक्षा जुन्या सराफाची नजर मला अधिक भरवशाची वाटते. सराफ खुणेवरून बट्टा कापत असे, संग्राहक त्याच खुणेपायी जादा मोजतो. शहराचे नाव बदलले, प्रूफवरचे अक्षर बदलले. मुंबईच्या साध्या नाण्यावरचा चौकोन मात्र अजून वर्षाच्या खालीच आहे.