अक्षरांतून उभी राहिलेली माणसे



आपल्या सिनेगॉगमध्ये मूर्ती नाही, माणसाचे चित्र नाही. आहेत ती अक्षरे. सेफेर तोरातील एक अक्षर पुसले गेले, तरी दुरुस्ती होईपर्यंत तो सेफेर वाचनास चालत नाही. अक्षराचे हे मोल जाणणाऱ्या, परंतु ज्यू नसलेल्या एका डच मुद्रकाविषयी मी आज बोलणार आहे.

हेंड्रिक निकोलास वेर्कमन यांचा जन्म १८८२ सालचा. नेदरलँड्सच्या उत्तरेस ख्रोनिंगन शहरात त्यांचा छापखाना होता. पहिल्या महायुद्धानंतर धंदा बसला आणि ते एका गोदामाच्या माळ्यावर आले. सोबत हातयंत्र आणि जुने खिळे होते. १९२३ ते १९२६ या काळात त्यांनी ‘द नेक्स्ट कॉल’ या नियतकालिकाचे नऊ अंक काढले. त्यांत अक्षरे व अंक शब्दांच्या ओळीतून सुटून आडवे, उभे, मोठे, लहान असे कागदभर वावरतात. ती वाचायची कमी आणि पाहायची अधिक.

१९४० साली जर्मनांनी देश व्यापला. तेव्हा ऑगस्ट हेंकेल्स हे धर्मोपदेशक आणि इतर मित्र यांच्यासह वेर्कमन यांनी ‘निळी नौका’ या अर्थाच्या नावाने गुप्त प्रकाशन सुरू केले. तेथेच १९४२-४३ मध्ये ‘हसिदी आख्यायिका’ हा वीस चित्रांचा संग्रह दोन भागांत निघाला. आधार होता मार्टिन बूबर यांनी सांगितलेल्या बाल शेम टोव यांच्या कथांचा. यांतील माणसे कातरलेल्या कागदाच्या साच्यांतून, शाईचा रूळ फिरवून उमटवलेली आहेत. खिळ्यांशी खेळणारा हात आता माणसे घडवीत होता, आणि ती माणसे आपली होती.

त्या वेळी राज्यकर्ते नेमके उलटे करीत होते. ज्यूंच्या ओळखपत्रावर ‘जे’ हे एक अक्षर ठोकले जाई. जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेकडे गाड्या सुटू लागल्या. ऑशविट्झला कामासाठी निवडलेल्यांच्या हातावर आकडा गोंदला जाई. माणसाचा आकडा होत असताना त्याला देह आणि चेहरा परत देणे, हा मी वेर्कमन यांच्या कामाचा अर्थ समजतो.

१३ मार्च १९४५ रोजी त्यांना अटक झाली. १० एप्रिलला बाकफेनजवळ इतर नऊ जणांसह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सहा दिवसांनी ख्रोनिंगन मुक्त झाले. जप्त केलेली त्यांची बरीच चित्रे शहरातील लढाईच्या आगीत गेली.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२१ साली एक स्मारक उघडले. वास्तुकार दानिएल लिबेस्किंड यांनी त्याच्या भिंती चार हिब्रू अक्षरांच्या आकारात उभ्या केल्या. त्या अक्षरांचा अर्थ ‘स्मरणार्थ’. १,०२,००० हून अधिक विटा, आणि प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख व मृत्यूसमयीचे वय. तेथे अक्षरे आणि आकडे पुन्हा माणसाच्या बाजूने उभे आहेत.

कोकणातील आपल्या कबरस्तानांतही हिब्रूशेजारी मराठी अक्षरे कोरलेली आहेत. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे म्हणजे त्या माणसांची गावेच. दगड झिजत आहेत, आणि इस्रायलमध्ये वाढलेल्या आपल्या नातवंडांपैकी अनेकांना देवनागरी येत नाही. पुढच्या वेळी त्यांना तेथे न्याल, तेव्हा एका दगडापाशी थांबा. त्यावरील नाव आणि साल मोठ्याने वाचा, आणि मुलांकडूनही वाचून घ्या.