अंगणवाडी : एका संज्ञेचे मूळ व तिची वाटचाल

'अंगणवाडी' ही संज्ञा शासकीय व्यवहारात इतकी रुळली आहे, की ती एका अडचणीतून जन्मास आली याचे स्मरण सहसा राहत नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले. तेथील मुले प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गातील. त्यांना शाळेत आणून सोडण्यास घरात कोणी तरी मोकळे असे. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन झाले, तेव्हा हे गृहीत कोसळले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. आईबाप सकाळीच मजुरीस जात आणि धाकट्या भावंडास सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे असे. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवावीत, त्यांना न्हाऊ घालावे, नखे कापावीत आणि मग गाणी-गोष्टींकडे वळावे, असा क्रम पडला. महागड्या माँटेसरी साहित्याची जागा शिंपले, खडे, बिया व पाने यांनी घेतली. वस्तुतः माँटेसरीबाईंचे पहिले बालगृहही १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत, कामावर गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठीच निघाले होते. ती पद्धती पुढे संपन्नांची म्हणून ओळखली जावी, हा विपर्यासच होय.

पुढे कार्यक्षेत्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजात हलले. तेथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने 'विकासवाडी' आकारास आली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असल्याने तान्हे भावंड पाळणाघरात ठेवून थोरलीस वर्गात बसता येई. या प्रयोगाचा खरा गाभा येथेच आहे. संगोपन व शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, की शिक्षण गमावते ती थोरली बहीण, हे कोसबाडला उमगले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांस 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी यांचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि केंद्र दिवसातील काही तासच चाले. तीन वर्षांखालील मुलास आहार व लस मिळे, दिवसभर राहण्यास जागा मात्र मिळत नसे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन घातले होते व १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली; शेतमजूर स्त्री या तरतुदीच्या कक्षेबाहेरच राहिली. अंगणवाडीस पाळणाघर जोडण्याची तरतूद केंद्र शासनाच्या 'पालना' योजनेत २०२२ मध्ये आली.