फ्रेंच क्रियापदे आणि लॅटिन आघात

फ्रेंचमधील ‘दव्ह्वार’ (करावे लागणे, देणे असणे) या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे पाहा. मी, तू आणि तो यांसाठी ‘द्वा’, आम्ही ‘दव्हों’, तुम्ही ‘दव्हे’ आणि ते ‘द्वाव्ह’. पुस्तकात त्यांना ‘अनियमित’ म्हणतात. मीही ती केवळ पाठ केली होती आणि परीक्षेनंतर विसरलो. वास्तविक त्यांमागे एक नियम आहे; तो लॅटिनमध्ये सापडतो.

अक्षर म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. लॅटिनमध्ये दोन अक्षरी शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असे. शब्द मोठा असल्यास शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, नाहीतर त्याच्या आधीच्या अक्षरावर. आता विभागणी करू:

दे-बेत (तो), दे-बेन्त (ते): आघात ‘दे’वर.
दे-बे-मुस (आम्ही), दे-बे-तिस (तुम्ही): आघात ‘बे’वर.

आघात असलेला ‘दे’मधील स्वर काळाच्या ओघात एइ, ओइ, वे असा बदलत गेला. त्याचा ‘वा’ हा उच्चार 1789च्या राज्यक्रांतीनंतर प्रतिष्ठित ठरला. आघात नसलेला ‘दे’ मात्र क्षीण होऊन ‘द’ झाला. म्हणून ‘ते’चे रूप ‘आम्ही’सारखे नसून ‘तो’सारखे आहे. ‘द्वाव्ह’च्या लेखनात शेवटी प्रत्यय दिसतो, पण तो उच्चारला जात नाही, ऐकू येते ते एकच अक्षर.

सर्वच क्रियापदांत हा भेद टिकला नाही. 12व्या शतकातील फ्रेंचमध्ये प्रेम करणे या क्रियापदाची ‘तो ऐम’, ‘आम्ही आमों’ अशी रूपे होती. पुढे बोलणाऱ्यांनी एकच धातुरूप सर्वत्र लावले आणि ‘एम’, ‘एमों’ झाले. जुना ‘आम’ आज ‘आमाँ’ (प्रियकर) या नामात उरला आहे.

आजच्या फ्रेंचमध्ये आघात पदसमूहाच्या शेवटच्या उच्चारित अक्षरावर येतो. लॅटिनचा आघात ऐकू येत नाही, पण त्याने घडवलेले स्वर शिल्लक आहेत. म्हणून ‘अनियमित’ हा शिक्का दिसला की आधी आघात कुठे होता, ते विचारा.

स्वाध्याय: ‘तनीर’ (धरणे) याची ‘त्यँ’ (तो), ‘तनों’ (आम्ही) आणि ‘त्येन’ (ते) ही रूपे घ्या. लॅटिन ते-नेत, ते-ने-मुस, ते-नेन्त यांवर आघाताची खूण करून स्वरांतील फरक स्पष्ट करा.