तळ दिसण्याची भीती

कलात्मक छायाचित्रांत पाणी बहुधा खोल असते. रोनी हॉर्न यांनी १९९९ साली टेम्सचा काळसर पृष्ठभाग टिपला. अतुल भल्ला यांनी २००५मध्ये यमुनेत स्वतःला हळूहळू बुडताना दाखवले. तिथे भीती बुडण्याची, आणि बुडून वेगळे होण्याची.

परंडा तालुक्यातल्या सोनारीहून, काळभैरवनाथाच्या गावातून पाहताना मला हे प्रतीक उलटे दिसते. इथे भीती तळ दिसण्याची. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या औरंगाबाद भागातील दुष्काळी कामे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा दीनदयाळ यांनी टिपली. त्या चित्रांचा विषय पाणी नव्हे. पाण्याअभावी कामावर आलेली माणसे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या ‘जलदूत’ गाडीच्या छायाचित्रांतही पाणी दिसत नाही, दिसतात त्या वाघिणी.

म्हणजे आपल्याकडे पाण्याची जागा भांडे घेते. पण रिकाम्या घागरींची रांग इतकी सवयीची झाली, की घागर वाहणारी बाई नजरेआड होते. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. कोरड्या पाण्याने राज्यव्यवस्था बदलली. हे परिवर्तन टिपायचे, तर कॅमेरा घागरीवरून हातांकडे वळायला हवा.